करारी बाग, पर्ससीन आणि वरचा एक टक्का: हे असं किती वर्षं चालणार?

वाडीवरचा (धागाकर्ता)

सरळ विषयाला येतो. देशातल्या एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के वरच्या १ टक्का लोकांकडे आहे आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा २२.६ टक्के. हे २०२२-२३ चे आकडे, फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पन्नातला हाच वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. आकड्यांवर वाद आहेत, ते घालाच. मला विचारायचंय ते त्याच्या पुढचं. पैसा असा वरच्या वर साचत राहिला तर ही व्यवस्था तग धरेल का, आणि धरलीच तर कोणाच्या जिवावर?

मी राजापूर तालुक्यातला, म्हणून बागेतलंच उदाहरण देतो. आमच्याकडे हापूसच्या बागा कराराने जातात. मालक मुंबईला, कलमं गावाला. करारी येतो, दोन-तीन वर्षांचे पैसे ठरवतो, मग मोहोर त्याचा, आंबा त्याचा आणि वाशीला जाणारी पेटीही त्याच्याच नावाची. हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, मुळाशी घातलं की दरवर्षी धरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्यासाठी रीतसर शिफारस आहे: झाडाचा विस्तार मोजायचा, त्या हिशेबाने मात्रा घ्यायची, पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला द्यायची, वर शेणखत-खतं वाढवायची. इथपर्यंत सगळं ठीक.

करारी मात्रा वाढवतो आणि खत टाळतो. शेवटच्या वर्षी तर हात अगदीच सैल सुटतो, कारण पुढच्या साली ती बाग त्याची नसते. मग पालवी खुरटते, पानं आखडून गुच्छ होतात, मोहोराच्या काड्या बोटभर राहतात. मी आमच्या शेजारची बाग बघतोय. खोडाला हात घातला तर साल भुगा होऊन पडते. आजोबांच्या वेळची झाडं आहेत ती.

यात करारी दुष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने वाशीच्या दलालाकडून उचल घेतलेली असते आणि ती मे अखेर फेडायची असते. त्याने सबुरीने घेतलं तर शेजारचा करारी जास्त बोली लावून पुढच्या साली बाग उचलतो. म्हणजे जो झाड जपेल तोच धंद्यातून बाहेर. मला वाटतं आजचं मोठं भांडवल सगळीकडे असंच करारी झालंय. ज्याचा पैसा लागलाय तो मागे उरणाऱ्या झाडासोबत राहणारच नाही. बोला.

बाजारपेठी

लेख चांगला, निष्कर्ष घाईचा. तुमच्या उदाहरणात दोष भांडवलशाहीचा नाही, दोन वर्षांच्या कराराचा आहे. पंधरा वर्षांचा करार करा, करारी स्वतः शेणखताचा ट्रक आणेल. मालक मुंबईत बसून फक्त बोली बघतो, झाड बघायला येत नाही. मालकी नीट आणि मुदत लांब असली की बाजार झाड जपतो.

दुसरं, वाटा-वाटा करताना ताटातलं किती वाढलं तेही बघा. जागतिक बँकेच्या दिवसाला २.१५ डॉलरच्या जुन्या रेषेने भारतातली अतिगरिबी २०११-१२ मध्ये १६.२ टक्के होती, ती २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर आली. ज्या काळाचं तुम्ही कौतुक करताय, त्यात १९७३-७४ ला वरच्या उत्पन्नावर अधिभारासकट ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. विषमता कमी दिसली कारण सगळेच खाली होते, आणि ज्यांच्याकडे होतं ते कागदावर दाखवत नव्हते. गावातला जो तो मुंबईच्या मनीऑर्डरवर जगत होता हे विसरलात काय?

शेंगदाणे_घेऊन_बसलोय

बसलोय.

रापणकर

बाजारपेठी, तुमच्या बागेक सातबारो तरी आसा. आमचो समुद्र कोणाच्या सातबाऱ्यार? पंधरा वर्षांचो करार कोणाबरोबर करूचो, बांगड्याबरोबर?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी मालवणचा. आमच्याकडे रापण होती, काही ठिकाणी अजून आहे. होडीतून जाळं अर्धगोल टाकत किनाऱ्याला आणायचं आणि दोन्ही टोकांना माणसं लावून ओढायचं. विकून आलेल्या पैशात जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे वाटे. दोरीला हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरतं मिळायचं. यात कोणी श्रीमंत झाला नाही, हे पण खरं. रापणीचा मोठेपणा सांगणारे बरेचसे लोक रापण ओढलेले नसतात.

मग पर्ससीन आलं. थव्याभोवती जाळं फिरवायचं, खालून दोरी खेचून बटव्यासारखं तोंड आवळायचं, विंचने वर घ्यायचं. अख्खा थवा एका फेऱ्यात. याला लागणारी बोट, इंजिन, जाळं, फिशफाइंडर हे सगळं मिळून खर्च असा की सोसायटीतल्या साध्या सभासदाला तो झेपत नाही. ज्याला झेपला त्याने एकीच्या दोन केल्या, दोनाच्या चार. आज त्याच्या बोटीवर खलाशी आहेत आणि त्यात पूर्वीचे रापणीचे वाटेकरी पण आहेत, पगारावर.

नियम नाहीत असं नाही. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री धक्क्यावर उभं राहून समोर बघा, बंदी घातलेलं सगळं झगझगीत दिसतं.

आणि मुद्दा हा की पर्ससीनवाल्याला तारली कमी झाल्याचं दुःख आमच्याइतकंच आहे, पण त्याच्यावर बोटीच्या कर्जाचा हप्ता आहे. मासा कमी झाला की तो जास्त दिवस आणि जास्त आत जातो. बारकी तारली खायला कोण घेणार, ती फिशमीलच्या कारखान्याला जाते. डिझेलचा परतावा पण जो जास्त डिझेल जाळतो त्यालाच जास्त मिळतो. होडीला वल्ही लागतात, वल्ह्यांना परतावा नाही.

वाडीवरचा

@रापणकर, डिझेलचं डोक्यात आलंच नव्हतं. सरकारी मदतही भांडवलाच्या आकाराप्रमाणे मिळते, मग "आपापल्या कर्तृत्वाने मोठे झाले" हे वाक्य जरा जपून वापरायला हवं.

निवृत्त_तलाठी

धागा उशिरा बघितला. जमिनीच्या अंगाने लिहितो, तोच माझा विषय.

संपत्ती मूठभरांच्या हाती जाण्याचा कोकणाला जुना अनुभव आहे. खोती. खोत म्हणजे सरकार आणि कुळाच्या मधला सारा गोळा करणारा. कागदावर तो वसुली करणारा, प्रत्यक्षात गावाचा धनी. अर्धेल (निम्मं पीक), तिरधेल (तिसरा हिस्सा), वर वेठ. खोतीसुद्धा "टिकाऊ" व्यवस्था होती, पिढ्यान् पिढ्या टिकली. ती आपोआप कोसळली नाही. चरीला, अलिबाग तालुक्यात, १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते. सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, लाकूडफाटा विकून आणि मिळेल ते करून दिवस काढले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. तरी खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कूळकायदा १९४८ चा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

म्हणजे हिशेब करा. लोक पेटले तेव्हापासून प्रत्यक्ष नावावर जमीन चढेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं, आणि मध्ये एक महायुद्ध, एक स्वातंत्र्य. धागाकर्ते विचारतात, किती काळ चालेल? रेकॉर्ड बघता, कोणी मोडेपर्यंत.

आता आजचं. खोताला गावात राहावं लागे, शिमग्याला पालखीपुढे उभं राहावं लागे. नवा गिऱ्हाईक राहत नाही. जमीन गोळा कशी होते ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कोणी दांडगाई करून घेतं. तसं लागतच नाही. सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं. निम्मी मुंबईत, दोन-चार मयत, वारस नोंदी नाहीत. एजंट येतो तो त्यातल्या सगळ्यात गरजवंताकडे. दवाखान्याचा खर्च आहे, मुलीचं लग्न आहे, डोंबिवलीच्या खोलीचा हप्ता थकलाय. त्याचा अविभक्त हिस्सा घेतो. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं (कूळकायदा कलम ६३), तर गिऱ्हाइकाकडे कुठला तरी शेतकरी दाखला असतोच. एकदा नाव चढलं की तो सहहिस्सेदार. मग वाटपाचा दावा. बाकीचे एकोणचाळीस तारखांना मुंबईहून येणार का? दोन तारखांनंतर तेच फोन करून विचारतात, आमचं पण घेता काय. समुद्राकडचा तुकडा अर्थातच त्याच्या वाट्याला.

जाता जाता: हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग एकच्या वारसांपैकी कोणी वारसाने आलेला हिस्सा विकत असेल तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. माझ्या नोकरीत हा हक्क वापरायला आलेला माणूस क्वचित दिसला. पैसे कोणाकडे असतात?

बाजारपेठी

तलाठीसाहेब, माहितीबद्दल आभार, पण हे माझ्याच बाजूचं नाही का? दोष सामाईक सातबाऱ्याचा. स्वच्छ वाटप आणि स्पष्ट मालकी असती तर गरजवंताला चांगला भाव मिळाला असता. गरजेला विकता येणं हाही हक्कच आहे. "जमीन विकू नका" म्हणणारे बहुतेक ठाण्यात फ्लॅट घेऊन बसलेले असतात. येवा कोकण आपलाच आसा म्हणायचं आणि कोणी आला की गळा काढायचा.

निवृत्त_तलाठी

स्वच्छ वाटप झालं असतं तर भाव चांगला आला असता, मान्य. जमीन गोळा झाली नसती हे मात्र त्यातून निघत नाही. जरा महाग गोळा झाली असती.

माहेरवाशीण_७२

सगळे पुरुष मंडळी खोत आणि करारी करताहेत. घरातल्या गोळाबेरजेबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. आमच्या वाडीत त्यानंतर काय वाढलं? हक्कसोडपत्रं. बहीण गणपतीला येते, तेव्हाच दादा तालुक्याला घेऊन जातो, सही होते, येताना साडी घेतात. नाही म्हटलं तर माहेर तुटतं, आणि चाळिशीनंतर बाईला माहेर तुटणं परवडत नाही. मग तोच दादा पाच वर्षांनी एजंटाला देतो तेव्हा बहिणीला विचारायचं कारणच उरलेलं नसतं. तलाठीकाकांच्या चाळीस नावांतली वीस आधीच अशी गळलेली असतात. गिऱ्हाइकाचं काम आम्हीच सोपं करून ठेवतो.

आणि कूळकायद्याचं एवढं गोड गाताय, तर हेही लिहून ठेवते: माझ्या सासरची दोन एकर भातजमीन त्यात गेली. ते खोत नव्हते. सासरे रेल्वेत कारकून होते. मोठे जमीनदार वकील लावून कागद फिरवत राहिले, लहान मालकाला ते जमलं नाही. ज्याने कसली त्याला मिळाली याचं मला वाईट वाटत नाही, पण कायदा वरून खाली येताना वाटेतल्या बारक्यांनाच जास्त लागतो हे बघितलंय.

शेंगदाणे_घेऊन_बसलोय

काकू, हा स्वतंत्र धागा होईल. +१.

आकडेमोड

करांवर कोणीच आलं नाही, म्हणून.

भारतात दोन्ही गोष्टी करून झाल्यात. इस्टेट ड्युटी, म्हणजे वारशावरचा कर, १९५३ ते १९८५. संपत्ती कर १९५७ पासून २०१५ च्या अर्थसंकल्पापर्यंत. बंद करताना कारण दिलं की वसुली किरकोळ: २०१३-१४ मध्ये १,००८ कोटी. यावरून "संपत्ती कर चालत नाही" असा निष्कर्ष काढतात. पण १९९३ पासून त्यातून शेअर वगैरे "उत्पादक" मालमत्ता वगळलेली होती. शिल्लक काय, तर दागिने, जादाचं घर, गाडी, शहरातली मोकळी जमीन. आजच्या धनिकाची संपत्ती शेअरमध्ये असते. पर्ससीनने मासा न्यायचा आणि कर गळावर लावायचा, वर म्हणायचं कर गोळा होत नाही.

टिकाऊपणाबद्दल दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. पहिला असा की भांडवलावरच्या परताव्याचा दर अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दरापेक्षा सतत जास्त राहिला तर जुना पैसा नव्या कमाईला मागे टाकत जातो. हा हिशेब आहे, त्यात नैतिक काही नाही, आणि तो बराच काळ चालू शकतो. दुसरा मागणीचा: सगळं वर गेलं तर माल घेणार कोण? फोर्डने १९१४ मध्ये कामगाराला दिवसाला ५ डॉलर दिले ते याच विचाराने.

बाजारपेठी

फोर्डची ही गोष्ट नेहमी चुकीची सांगतात. आदल्या वर्षी त्याच्या कारखान्यातली कामगारांची गळती ३७० टक्के होती. माणसं टिकत नव्हती म्हणून पैसे वाढवले. परोपकार नाही, गिऱ्हाईक घडवणं तर त्याहून नाही.

आकडेमोड

गळतीचं बरोबर. पण मग माझा मुद्दा आणखी घट्ट होतो: कामगार सोडून जाऊ शकत होता म्हणून मजुरी वाढली. रापणकरांच्या गावचा खलाशी सोडून कुठे जाणार?

रापणकर

मुंबईक. नायतर गोव्याक हॉटेलात.

चाकरमानी_लालबाग

मुंबईचं नाव निघालं म्हणून. माझे वडील लांज्याचे, गिरणीत साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. वडील गावी आले आणि भातशेतीत हात घातला, ती त्यांना कधीच जमली नाही.

पण मला संपाबद्दल नाही, जमिनीबद्दल बोलायचंय. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत (तो प्रसिद्ध कलम ५८) गिरणी विकासाला काढली तर एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा ढोबळ हिशेब होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि हा हिशेब गिरणीच्या फक्त मोकळ्या जमिनीला लागू केला. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी शेडखाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावचं पुढे काय झालं ते लोकल मधून दिसतंच.

तर बाजारपेठी, नियमात एक शब्द बदलतो आणि कोट्यवधींची जमीन या हातातून त्या हातात जाते. तिथे बाजाराचा काय संबंध? संपत्ती कष्टाने आणि धोका पत्करून गोळा होते म्हणता, ही नियमाने गोळा झाली. आणि हेच टॉवरवाले आता आमच्या गावाकडे सी-व्ह्यू शोधत फिरतात.

बाजारपेठी

चाकरमानी, गिरण्यांच्या जमिनीच्या बाबतीत तुमच्याशी भांडणार नाही. सरकारशी संगनमत हा बाजार नव्हेच. माझ्यासारखे लोक हे पुरेसं मोठ्याने बोलत नाहीत, तेही खरं. पण त्यावर उपाय म्हणून सरकारच्याच हातात आणखी अधिकार देणं मला पटत नाही. ज्याने कलम बदललं त्यालाच संपत्ती कराचं कलम लिहायला देणार?

निवृत्त_तलाठी

खोती कायद्यानेच पक्की झाली आणि कायद्यानेच गेली. कलम कोण लिहितो हे कौन्सिल हॉलसमोर कोण उभं आहे त्यावरून ठरतं.

व्यवस्थापक

सत्ताधारी आणि विरोधी पक्षांवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. रिफायनरीवर वेगळा धागा चालू आहे, तो विषय तिथेच न्यावा. या धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, करू नये.

वाडीवरचा

सगळ्यांचे आभार, एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. माझं मत थोडं सरकलंय. मी "व्यवस्था किती टिकेल" असं विचारत होतो, जणू ती कुठल्यातरी वर्षी धरणासारखी फुटणार आहे. तलाठीकाकांचं वाचून वाटतं की तसं काही होत नाही. ती बाग बदलते. राजापूरची झाडं खंगली की करारी गुजरातेत वलसाडकडे बघतो, तिथेही हापूस आहेच. मालवणचा बांगडा संपला की बोट आणखी दक्षिणेला. व्यवस्था टिकते, जागा टिकत नाहीत.

बाजारपेठींचा लांब मुदतीचा मुद्दा मला बागेपुरता मान्य आहे. गेल्या वर्षी आम्ही चुलतभावांनी आमच्या बागेचा करार बदलला. मुदत पाच वर्षं केली. कल्टारची मात्रा विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे, ती आमच्यासमोर घालायची, शेवटच्या वर्षी अजिबात नाही, आणि दर पावसाळ्यात झाडागणिक शेणखत. पैसे आधीपेक्षा कमी मिळाले. दोन करारी हसून निघून गेले, तिसऱ्याने घेतली. तो आमच्याच पंचक्रोशीतला आहे, त्याला रोज त्याच रस्त्याने जायचंय.

पण हे आम्हाला परवडलं कारण तिघा भावांना मुंबईत पगार आहे. ज्याचं घर बागेवरच चालतं त्याला कमी बोली घेणं जमत नाही. आणि रापणकरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. समुद्राला मुदत कोण घालणार?

रापणकर

मुदत सरकारान घातल्यानी हा, सप्टेंबर ते डिसेंबर. राखणारो खंय आसा ता सांगा. गस्तीनौका इली तर पर्ससीनवाल्यांका आदी खबर.

माहेरवाशीण_७२

करारावर फक्त भावांच्याच सह्या आहेत का हो?

वाडीवरचा

दोन आत्यांच्या आणि एका बहिणीच्या पण आहेत. खरं सांगायचं तर बँकेने मागितल्या म्हणून घेतल्या.

देवगडचा_पाहुणा

नवीन सभासद आहे. आमची बाग यंदा करारातून सुटतेय, त्यामुळे विचारतो: कल्टार आपल्यासमोर घालायचं म्हणता, पण मालक मुंबईला असेल तर बघणार कोण? आणि करारीने मात्रा जास्त घातली हे नंतर सिद्ध कसं करायचं?

वाडीवरचा

जुलैत एकजण रजा काढून जातो. बाटल्या मोजून द्यायच्या, रिकाम्या मोजून परत घ्यायच्या आणि प्रत्येक झाडाचा विस्तार आधीच वहीत लिहून ठेवायचा. त्याने वेगळ्या बाटल्या आणून रात्री घातल्या तर मात्र काही करता येत नाही, म्हणून शेवटच्या वर्षाच्या पैशांतली काही रक्कम अनामत ठेवून घ्यायची आणि पुढची पालवी बघून द्यायची. करारी याच कलमावर सगळ्यात जास्त कुरकुर करतात.

देवगडचा_पाहुणा

अनामतीचं कलम कसं लिहिलंय त्या पानाचा फोटो टाकता येईल का?

वाडीवरचा

रविवारी टाकतो, नावं झाकून.